खांदमळणीची हळद

गोजरबाईच्या मते जगात बायकांच्या दोनच जाती होत्या. एक स्वयंपाक करणारी आणि दुसरी चूल पेटवून विझवणारी. पहिल्या जातीत ती स्वतः होती, तिची आई होती आणि ओढूनताणून माहेरच्या, जालन्यातल्या मस्तगडातली एक मावशी बसत होती. उरलेल्या सगळ्या दुसऱ्या जातीतल्या, आणि त्या जातीची पाटलीण म्हणजे तिची धाकटी जाऊ साळूबाई.

साळूबाई भिंतीपलीकडे राहायची. मंठ्याच्या अलीकडच्या त्या गावात काकासाहेबांचं घर आधी एकच होतं. पण दोन्ही मुलांच्या वाटण्या झाल्या आणि अंगणात छातीएवढी मातीची भिंत उभी राहिली. अलीकडे थोरला धर्मराज आणि त्याची बायको गोजरबाई, पलीकडे धाकटा बद्रीनाथ, त्याची साळूबाई आणि त्यांची पोरं. मागचा गोठा तेवढा सामाईक राहिला, कारण बैलांच्या मधे भिंत घालायचं कुणाला सुचलं नाही. गोठ्याला एक दार इकडून होतं आणि एक तिकडून.

रोज दिवस कलला की गोजरबाई भिंतीशी येऊन उभी राहायची. कशाला, तर पलीकडे काय शिजतंय ते बघून नाक मुरडायला. हे तिचं आवडीचं काम होतं, आणि तिनं ते एक दिवसही चुकवलं नव्हतं.

साळूबाई शेतातून यायची ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन. भारा गोठ्यात टाकायचा, हातपाय धुवायचे आणि तशीच ओल्या पायांनी चुलीपुढं बसायची. काठवटीत ज्वारीचं पीठ, तव्यावर भाकरी. शेजारच्या वैलावर तवली. तिच्यात तेल, मूठभर ठेचलेला लसूण, मिरची, हळद, पाणी. पाण्याला आधण आलं की एका हातानं हरभऱ्याच्या डाळीचं पीठ सोडायचं आणि दुसऱ्या हातानं ढवळायचं. झालं पिठलं. एखाद्या दिवशी कुणाच्या लग्नातलं उरलेलं येसर, म्हणजे भाजक्या डाळींचं मसाल्याचं पीठ, पाण्यात कालवून आमटी. एखाद्या दिवशी तर तेवढंही नाही, तिखटावर कडकडीत तेल ओतून केलेला भुरका आणि भाकरी. पलीकडच्या चुलीचा धूर वर निघायचा आणि गोजरबाईचं तोंड वाकडं करून होतंय न होतंय तोच बंदही व्हायचा.

आणि मग सगळ्यात वाईट गोष्ट घडायची. उजेड आहे तोवर अंगणात सगळे गोल करून बसायचे. बद्रीनाथ, पोरं आणि साळूबाईसुद्धा. नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून, त्याच वेळी, गरम भाकरी मोडून, बोटं पोळली की फुंकर मारत. गोजरबाईला हे पाहवत नसे, म्हणून ती शेवटपर्यंत पाहत असे.

"साळे, आज बी बेसनच का?" ती भिंतीवरून विचारायची.

"हा बाई. येळ कुठं हाये?"

"येळ काढावा लागतो. आमच्या मस्तगडला असलं कोरड्यास गड्याला बी वाढीत न्हाईत."

"मंग गड्याचे लई हाल हायेत तिथं," साळूबाई म्हणायची आणि बोट चाटायची.

मोठ्या जावेला असं उलटून बोलायचं, तेही बोट चाटत! गोजरबाई पदर झटकून आत जायची आणि आपला स्वयंपाक सुरू करायची. होय, तेव्हा सुरू करायची.

यामागंही एक कथा होती. गोजरबाईच्या वडलांची जुन्या जालन्यात धान्याची अडत होती. दुकान बंद करून ते घरी यायचे तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांची एक झोप झालेली असायची. त्यांची वाट बघता बघता आईला दुसरं काय काम? ती आपली वाटत बसायची. खोबरं भाज, तीळ भाज, कांदा निखाऱ्यात घाल, पाट्यावर घे, पुन्हा घे. अडत्याच्या बायकोनं वेळ घालवण्यासाठी केलेला हा उद्योग पोरीनं खानदानी रीत म्हणून पदरात बांधून आणला. इथं शेतकऱ्याच्या घरात माणसं पहाटे उठून राबतात, सूर्य बुडायच्या सुमाराला त्यांच्या पोटात कावळे कोकलायला लागतात, हे तिच्या ध्यानात आलं नाही असं नाही. ध्यानात आलं होतं. पण कावळ्यांसाठी कोण वाटण घाईनं वाटतं?

तिची आमटी व्हायची तेव्हा आभाळात चांदण्या आलेल्या असायच्या. एवढं मात्र खरं, की आमटी चांगली व्हायची. कट असा लाल यायचा की त्यात दिव्याची वात दिसावी. सासरा काकासाहेब आणि नवरा धर्मराज पाटावर बसायचे. अर्धी भाकरी खायचे, दोन भुरके मारायचे, "वा" म्हणायचे आणि हात धुवायचे. उरलेलं ती मागनं एकटी खायची. तोवर भाकरीचा पापुद्रा कातड्यासारखा झालेला असायचा आणि आमटीवर तेल गोठलेलं असायचं. पण बाईनं शेवटीच खायचं असतं, त्यातच तिची शोभा असते, असं तिची आई सांगायची. गोजरबाईनं कधी उलट विचारलं नाही.

अर्ध्या भाकरीचा तर तिला फार अभिमान होता. विहिरीवर शेजारच्या तुळजाबाईला ती सांगायची, "पल्याडचा बद्रीनाथ बघा, चार भाकरी हाणतो. आमचे बाप्ये तसे न्हाईत. मामंजी अर्ध्या भाकरीत उठत्यात. आमच्याकडं चवीला जेवत्यात, पोटाला न्हाई."

तुळजाबाई तोंडाला पदर लावायची. लाजली बिचारी, असं गोजरबाईला वाटायचं. हिच्या घरी काय शिजत असणार, शेंगदाण्याचा ठेचा!

सासऱ्याची आणि नवऱ्याची आणखी एक गोष्ट तिला आवडायची, ती म्हणजे त्यांचा गुरांवरचा जीव. रोज तिन्हीसांजेला, ती पाट्याशी बसली की काकासाहेब काठी घेऊन गोठ्याकडं निघायचे. "जरा बैलांवर हात फिरवून येतो." आणि म्हाताऱ्याला अंधारात ठेच लागायला नको म्हणून धर्मराज मागं जायचा. चांगला अर्धा प्रहर दोघं बैलांवर हात फिरवत असायचे. एवढी माया बापलेकानं तिच्यावर केली असती तर तिच्या हाडांना मांस चढलं असतं, पण असो.

आता या साऱ्यात गोजरबाईचं काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं.

काकासाहेबांच्या भाऊकीत एक रीत होती. घर वाटलं गेलं तरी म्हातारा वाटला जात नाही. त्याचं ताट कुठल्यातरी एका चुलीवर असतं, आणि ज्या चुलीवर ताट, त्या घरच्या बैलजोडीला पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून आधी जायचा मान. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी झाली की भाऊकीतली जाणती माणसं त्या घरी जेवायला यायची. म्हातारा मधोमध बसायचा. त्यानं सगळ्यांच्या देखत ताट पुसून खाल्लं, तर म्हातारा सुखात आहे, मान तिथंच राहिला. ताटात टाकलं, तर मान दुसऱ्या चुलीला. ही रीत कुणी घातली कोण जाणे. बहुतेक एखाद्या उपाशी म्हाताऱ्यानंच घातली असावी.

वाटणीनंतरचा हा पहिलाच पोळा. काकासाहेबांनी ताट थोरल्याकडं ठेवलं होतं. गोजरबाईला दोन मुली, दोघी नांदायला गेलेल्या. मुलगा नाही. भाऊकीतल्या बायका तिला बोलवायच्या, पण बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हातात देताना इकडंतिकडं बघायच्या. साळूबाईच्या अंगणात पोरं लोळत होती. वंश तिकडं, गोंधळ तिकडं, हसणं तिकडं. इकडं काय होतं? काकासाहेबांचं ताट होतं. या घरात आपलं म्हणावं असं गोजरबाईकडं तेवढंच होतं, आणि त्याच्या मानानं तिची बैलजोडी पोळ्याला वाजतगाजत तोरणाखालून आधी जाणार होती. त्या एका क्षणासाठी तिनं वर्षभर साळूबाईच्या पिठल्याला नावं ठेवली होती.

खांदमळणीच्या दिवशी तिनं दुपारीच चूल पेटवली. वांग्याचं भरीत, पाटवड्या, त्यांचा रस्सा, घट्ट वरण, जालन्याहून मागवलेल्या तांदळाचा भात, कढी, दोन चटण्या आणि आमटी. आमटीचं वाटण तर तिनं तीनदा पाट्यावर घेतलं. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. चुलीपुढं बसून उष्टं करायचं नाही, हीही आईचीच शिकवण.

ओढ्यावर बैल धुतले. मग गोठ्यात काकासाहेबांनी स्वतःच्या हातानं बैलांचे खांदे तुपाहळदीनं मळले. त्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले. धर्मराजचेही झाले. मग दर बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हातारा म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैलांनी कान हलवले. बैलाला आदल्या दिवशी आवतण मिळतं, ही काही लहान गोष्ट नाही. या घरातल्या बाईला ते कधी मिळालं नव्हतं.

दिवस बुडाला. काकासाहेब सोप्यात येऊन उंबऱ्याशी टेकले.

"गोजरे, जल्दी हाये का आज?"

"मामंजी, आमटीला कट सुटू द्या."

"सुटू दे, सुटू दे." म्हाताऱ्यानं एक मोठा श्वास सोडला. "पाव्हणे यायला बी येळ हाये. मी जरा बैलांकडं जाऊन येतो."

"आता तर मळून आलात!"

"एकाचा खांदा ऱ्हायला वाटतं."

धर्मराजही उठला. म्हाताऱ्याला ठेच लागायला नको ना. दोघं गोठ्याच्या अंधारात शिरले आणि भिंतीपलीकडून लसणाच्या फोडणीचा खमंग वास आला. गोजरबाईनं नाक उडवलं. सणाच्या आदल्या दिवशीसुद्धा पिठलं! हिला लाज कशी वाटत नाही?

चांदण्या निघाल्या, कट सुटला आणि रायभान आप्पा आले. आप्पा म्हणजे काकासाहेबांचे चुलत भाऊ, भाऊकीतले सगळ्यात वडीलधारे. मंठ्याला महसुलाच्या गिरदावरासमोर बसून बरोबरीनं बोलून आलेले, त्यामुळं गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि अंगालाही होतं. त्यांच्याबरोबर आणखी काही जाणती मंडळी होती. बद्रीनाथलाही बोलावणं होतं, तो एका कडेला बसला. पाट मांडले. गोजरबाईनं ताटं वाढली आणि दाराआड उभी राहिली. 

काकासाहेबांनी ताटाकडं पाहिलं आणि डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, देवाचं नाव घेतायत. पण देवाचं नाव किती वेळ घेणार?

"काकासाहेब, करा सुरू," आप्पा म्हणाले. रीतीप्रमाणं पहिला घास म्हाताऱ्याचा.

म्हाताऱ्यानं भाकरीचा चतकोर मोडला. आमटीत बुडवला. तोंडात घातला आणि चावत राहिला. रवंथ करणारा बैलसुद्धा एवढा वेळ लावत नाही. पंगत जेवायला लागली. "वा! आमटी काय झाली! बिलकुल जालन्याची!" आप्पांनी दुसऱ्यांदा आमटी मागितली, तिसऱ्यांदा मागितली. गोजरबाई दाराआड फुलून येत होती आणि डोळा मात्र सासऱ्याच्या ताटावर. पाटवडी जागच्या जागी. भाताचा डोंगर जसाच्या तसा.

मग आधी काकासाहेबांच्या पोटात काहीतरी गुरगुरलं. त्यांनी ओठ घट्ट दाबले. उपयोग झाला नाही. सोप्याच्या आढ्याला ऐकू जाईल असा एक दांडगा ढेकर बाहेर पडला.

पंगत थांबली.

"अरे," आप्पा म्हणाले, "घास पोटात जायच्या आधीच ढेकर?"

"वारा धरलाय जरा," काकासाहेब म्हणाले.

आप्पांनी दिवा जवळ ओढला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडं न्याहाळून पाहिलं. पांढऱ्या मिशीच्या दोन्ही टोकांना पिवळं काहीतरी वाळलेलं होतं.

"मिशीला काय लागलंय हो?"

दाराआडून बाईमाणसानं पुरुषांच्या पंगतीत बोलायचं नसतं. पण गोजरबाईला राहवलं नाही. "हळद हाये ती," ती आतून म्हणाली. "बैलांच्या खांद्याची. हातानं मळली, मिशीला लागली."

आप्पा पुढं वाकले, मिशीजवळ नाक नेलं आणि हुंगलं. मग सावकाश मागं सरकून बसले.

"बैलांच्या खांद्याला लसूण कवापासून लावून राह्यले तुम्ही?"

कुणीतरी फुस्सकन हसलं. मग आवरता आवरेना, सगळी पंगत हसायला लागली. बद्रीनाथ तेवढा मान खाली घालून भात चिवडत होता. काकासाहेबांनी धोतराच्या सोग्यानं मिशी पुसली. पुसून काय होतं?

"जेवून आल्तो," म्हातारा शेवटी म्हणाला.

"कुठं?"

"कुठं म्हंजे. साळूकडं."

"सणाच्या दिवशी? ताट हिकडं अस्ताना?"

"सणाचा दिस असो की रोजचा," काकासाहेब जरा चिडून म्हणाले. चोर पकडला गेला की आधी तोच चिडतो. "मला भूक दिवे लागायच्या वख्ताला लागती. मंग मी काय करू? भुकेला कोंडा, निजेला धोंडा म्हन्त्यात, ती तर भाकर आन् बेसन देती, गरम. रोज थोडं खातो. आज घासभरच खायचं म्हणून गेल्तो, पर तिनं खरवड काढून ठिवल्ती." खरवडीचं नाव निघताच म्हाताऱ्याचा आवाज मऊ झाला. "आन् मी एकलाच हाये का? धर्मराजला इचारा."

सगळ्यांनी धर्मराजकडं पाहिलं. गोजरबाईनं दाराच्या फटीतून पाहिलं. तिच्या नवऱ्याच्या ओठाच्या कडेला, नेमकी डाव्या बाजूला, पिवळी रेघ होती. वर्षभर ती रेघ तिथं असायची. वर्षभर ती भाकरी वाढताना त्या रेघेकडं बघत आली होती आणि तिला ती कधी दिसली नव्हती.

तेव्हा तिला सगळं एकदम कळलं. गोठ्यातली माया कळली. अर्धी भाकरी कळली. विहिरीवरची तुळजाबाई कशाला पदर लावायची तेही कळलं. सगळ्या गावाला माहीत होतं, गोठ्यातल्या बैलांनासुद्धा माहीत होतं. एका तिलाच माहीत नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली असतात, पण आपल्या चुलीपुढून माणसं उठून दुसऱ्याच्या चुलीपुढं बसतात, हे फक्त तिच्याच नशिबी आलं होतं. 

"मंग इचारायचं काय ऱ्हायलं," आप्पा म्हणाले. त्यांनी स्वतःचं ताट बोटानं लख्ख पुसून काढलं होतं. "म्हाताऱ्यानं ताटात टाकलं. मान बद्रीनाथच्या जोडीचा. रीत ती रीत." मग दाराकडं तोंड करून त्यांनी जखमेवर मीठ चोळलं. "पर सूनबाई, आमटी लई फस्कलास झाली बरं का!"

"घिऊन जा म्हणावं मान," गोजरबाई आतून म्हणाली. "बेसनाला तोरण बांधा."

काकासाहेब उठले. दाराशी थांबले. "गोजरे," ते हळू म्हणाले, "तुझ्या हाताला चव हाये. ती म्या कवा नाकारली न्हाई. पर तोवर माणूस जागा ऱ्हायला पायजे ना."  म्हातारा अंगणात बाजेवर जाऊन आडवा झाला आणि निर्लज्जासारखा लगेच घोरायला लागला. धर्मराज पाहुण्यांना पोचवायला गेला. बायकोच्या समोर यायचं धाडस त्याच्यात नव्हतं, कधीच नव्हतं.

गोजरबाई चुलीपुढं बसून राहिली. रडली नाही. रडायला समोर कुणीतरी लागतं. उष्ट्या ताटांत दिव्यावरचे किडे पडले होते. परक्यांनी ताटं पुसून खाल्ली होती. घरच्या दोघांची तेवढी भरलेली होती. म्हाताऱ्याच्या ताटातला भाताचा डोंगर ती बघत बसली. उद्या तोरणाखालून साळूबाईची बैलजोडी आधी जाईल. वाजंत्री वाजेल. बायका भिंतीवरून वाकून बघतील आणि तोंडाला पदर लावतील.

मग तिला भूक लागली. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण अपमानानं पोट भरत नाही. तिनं दुरडीतली भाकरी घेतली. ती वातड झाली होती. आमटीत बुडवली, तर थंड तेलाचा थर बोटांना चिकटला. घास तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. नाही गेला.

भिंतीपलीकडं बांगड्या वाजल्या. काटक्या मोडल्याचा आवाज आला. थोडा धूर आला आणि थांबला. गोजरबाईनं पदरानं कपाळ पुसलं नाही तोवर गोठ्याकडच्या दारात साळूबाई उभी. एका हातात फडक्यात धरलेली पिठल्याची तवली, दुसऱ्या हातात भाकरी.

"तुला आता काय पायजे?" गोजरबाई गुरकावली. "मान गेला तिकडं. वर दया दाखवायला आलीस?"

"न्हाई बाई."

"म्हाताऱ्यानं धाडलं?"

"मामंजी तर घोरून राह्यले." साळूबाईनं तवली तिच्यापुढं ठेवली आणि स्वतः जमिनीवर फतकल मारून बसली. "तुम्ही जशा माझा धूर बघता, तसा मी बी तुमचा बघते. दुपारपासून चालू हाये. मंग म्हणलं, हिनं खाल्लं कवा आसंल?"

 इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. नवऱ्यानं नाही, सासऱ्यानं नाही, आईनंही नाही.

"खावा जल्दी. निवलं की घट होतंय."

गोजरबाईनं भाकरी मोडली. वाफ निघाली आणि बोटं चटकन पोळली. तिनं हात झटकला. मग ती त्या पोळलेल्या बोटांकडं बघत राहिली. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून गरम भाकरीनं तिचं बोट कधी पोळलं होतं? तव्यानं पोळलं होतं, चुलीनं पोळलं होतं. पण खाताना? तिला एक वेळ आठवेना. तिनं घास घेतला. जीभही पोळली. तरी तिनं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. बाईला इतकी भूक असू शकते हे तिला ठाऊकच नव्हतं.

पण गोजरबाई ती गोजरबाई.

"गुठळ्या झाल्यात," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली.

"हा."

"लसूण जाळलास."

"हा बाई. जल्दीत जळतो."

"मस्तगडला असलं गड्याला बी..." पुढचं तिनं भाकरीबरोबर गिळलं.

"खरवड घ्या," साळूबाई म्हणाली. "बुडाला हाये. पोरं झोपलीत, म्हणून ऱ्हायली."

गोजरबाईनं तवली मांडीवर घेतली. उलथन्यानं बुडाशी धरलेली खरवड खरडून काढली आणि कडेला राहिली ती बोटानं पुसली. बोट चाटलं. एकदा, आणि मग पुन्हा.

अंगणात पायताणांचा आवाज झाला. धर्मराज आला होता. साळूबाईनं डोक्यावरून पदर ओढला, रिकामी तवली उचलली आणि गोठ्याच्या अंधारात निघून गेली. धर्मराज चोरासारखा आत आला. बायको कशानं मारेल याचा अंदाज घेत तो दाराशीच थांबला. काहीच अंगावर आलं नाही. मग धीर करून त्यानं दिवा उचलला, तिच्याकडं पाहिलं, आणखी जवळ येऊन पाहिलं.

"तुझ्या तोंडाला काय लागलंय?"

दिवसभरात गोजरबाई गोठ्याकडं फिरकलीसुद्धा नव्हती, आणि हे त्याला ठाऊक होतं.

"हळद," ती म्हणाली. "बैलांच्या खांद्याची."